रुमालाखालची चार बोटं

आत्माराम, तुझं तेरावं झालं आणि त्यानंतरच्या पहिल्याच बाजाराला खेमा पावरा डोंगरातून खाली उतरला. तो आला नसता तर मी हे लिहायला बसलो नसतो. तुझ्यावर रागावूनच राहिलो असतो, आणि खरं सांगायचं तर बराही राहिलो असतो. गेलेल्या माणसावरचा राग सांभाळायला सोपा असतो, तो काही उलटून बोलत नाही. तू जिवंत असतानाही फारसं उलटून बोलायचा नाहीस म्हणा. ओठ मिटायचास आणि पाठकोऱ्या कागदावर काहीतरी गिरवत बसायचास. त्या मिटलेल्या ओठांचा मला फार संताप यायचा.

खेमाने जे सांगितलं ते तुला ठाऊकच आहे. पण माझ्याकडे काय घडलं ते तुला ठाऊक नाही, कारण मी ते तुला सांगितलं नाही. शेवटचे सहा आठवडे मी तुझ्याशी बोललोच नाही. तेवढं तुझ्या कानावर घालतो. मग काय ठरवायचं ते तू ठरव.

आपण दोघं धानोऱ्याचे. एकाच वर्षी शाळेत बसलो. मी दुसरीतून उठलो आणि बैलांच्या दोऱ्या धरायला लागलो. तू शिकत गेलास आणि नंदुरबारच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झालास. दोऱ्या धरता धरता मी दलाल झालो. माझ्या बापाने मला फक्त एक आवाज दिला, तो बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. बाकी सगळं मी मिळवलं. सहीपुरतं लिहिता येत होतं, तेवढ्यावर माझं भागत होतं. पंचविशी उलटल्यावर तू मला पाटीपुढे बसवलंस. बोलायचो आपण अहिराणीतच, पण पाटी घेतली की तू मास्तर व्हायचास. "आते मराठी. 'शे' नही लिखानं, हिऱ्या. 'आहे' लिख." आज लिहितो आहे, आणि तुझ्या नावापुढे तो शब्द आला की हात अडतो.

हे बहिरीचं वेड तुला कुठून लागलं ते मला पाठ आहे. जंगलखात्याच्या कुणा साहेबाने तुला त्याच्या पुस्तकातली चित्रं उतरवून द्यायला सांगितलं होतं. त्यात एक पाखरू होतं. खडकावर बसलेलं, डोकं काळं, पाठ पाटीसारखी, छाती विटकरी. साहेबाने तुला सांगितलं की हे फार विरळ आहे, पण सातपुड्याच्या उंच कड्यांवर याची जोडी असू शकते. तू साहेबाला त्याचं चित्र दिलंस आणि एक स्वतःसाठी काढून ठेवलंस. संध्याकाळी ते घेऊन माझ्याकडे आलास.

"हाई देख. बहिरी ससाणा."

"बहिरी शे?" मी म्हणालो. "मंग हाक मारी त कशी आयकी?"

तुझी बायको आत भाकरी थापत होती, ती हसली. तू हसला नाहीस. तू अगदी मास्तरासारखं मला समजावलंस की बहिरी हे नाव आहे, तिच्या कानांचा त्यात काही संबंध नाही. ती आभाळातून दगडासारखी खाली येते आणि उडत्या पाखराला उडता उडता मारते. मी म्हणालो, खोटं. कुठलंही शहाणं जनावर बसलेल्याला धरतं, पळत्याच्या मागे लागून कोण मरतं? त्यावरून आपण सहा महिने भांडलो. तू पुस्तक दाखवायचास, मी म्हणायचो, लिहिणाऱ्याने बघितलंय का?

"मंग आपीन जाईसन देखू," तू म्हणालास.

"पाखरू देखीसन काय भेटी, मास्तर?"

"देखं, हाई भेटी."

ज्या मालाला गिऱ्हाईक नाही, ज्याला वजन नाही, जो घरी आणता येत नाही, त्याच्यासाठी डोंगर चढायचा! पण मी हो म्हणालो. का म्हणालो ते सांगत नाही. तुला कळलं असेल.

त्या जाण्याची तयारी आपण तीन वर्षं केली. मुलांच्या परीक्षेच्या कागदांच्या पाठीवर तू नकाशा काढायचास. प्रकाशा गावापाशी नावेतून तापी ओलांडायची, शहाद्यापर्यंत मोटार मिळाली तर मोटार, पुढे पायथ्यापर्यंत बैलगाडी, तिथून घाट चढून तोरणमाळ. तलावाच्या पलीकडे जिथे जमीन एकदम तुटते तिथे तू पेन्सिलीने एक टिंब दिलं होतंस. तिथे बसायचं. किती दिवस? बहिरी दिसेपर्यंत. मी म्हणायचो, "आनि नही दिसनी त?" तू म्हणायचास, "मंग पुढला साल." घोंगड्या दोन, थाळ्या दोन, डाळ, मिरची, गूळ, तापावर कोयनेलच्या गोळ्या. तू यादी करायचास आणि मी तिच्यातून एकेक गोष्ट खोडायचो. खोडलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा यादीत असायची.

तुझी छाती नाजूक, म्हणून घाटासाठी तट्टू घ्यायचं ठरलं. जनावर निवडणं माझं काम. मी चार तट्टू बघितली आणि चारी नाकारली. एकाचे खूर पोकळ होते, दोन बुजरी होती, एकाच्या मालकाच्या डोळ्यांत मला खोट दिसली. त्यात पहिला हिवाळा गेला. दुसऱ्या वर्षी खेमा भेटला. बाजारात चारोळी आणि डिंक घेऊन आला होता. तू त्याला चित्र दाखवलंस, त्याने लगेच ओळखलं. "कडावर शेतस. दोन शेतस," तो म्हणाला. "राघूले धरतस." तुझा चेहरा असा झाला की मी घाबरलो. गिऱ्हाइकाने असा चेहरा केला की भाव चढतो. मी तुला मागे ओढलं आणि खेमाशी घासाघीस सुरू केली. तासाभराने तो चिडून निघून गेला. तू त्याच्यामागे पळत जाऊन तो म्हणेल ते कबूल करून आलास, आणि मला कळल्यावर मी भर बाजारात तुझ्यावर ओरडलो. दुसरा हिवाळा माझ्या फुगण्यात गेला.

खरं सांगू? मला ती तयारीच आवडत होती. सौदा लांबवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. लांबवला की तू रोज संध्याकाळी येत होतास.

रविवारी तू मला गावाबाहेर न्यायचास. घार कुठली, शिक्रा कुठला, हे शिकवायचास. घारीची शेपटी दुभंगलेली असते, हे मला चाळिशीत कळलं. तोवर मी फक्त बैलांच्या तोंडात बघत आलो होतो. आणि तूही बाजारात यायचास. एकदा तू एका खिल्लारी जोडीचं चित्र काढत होतास. मी सौदा पक्का करायच्या बेतात होतो. तू हळूच म्हणालास, "हिऱ्या, डावाना मांगला पाय कागदवर हलका पडी ऱ्हायना." मी वाकून बघितलं. बैल तो पाय टेकवत होता, पण भार देत नव्हता. विकणाऱ्याने तेल चोळून, चालवून आणून ते लपवलं होतं. त्या दिवशी माझी पत तू राखलीस. मी तुला तसं म्हटलं नाही. मी म्हणालो, "चाल, चहा पी."

आणि त्याच बाजारात तू रुमालाखालचा सौदा बघितलास.

तुला त्याचं फार अप्रूप वाटायचं. दोन माणसं समोरासमोर, हातावर रुमाल टाकलेला, आत बोटं बोलतात आणि वरून तोंडं गावच्या पावसापाण्याच्या गप्पा मारतात. तू त्याचं चित्र काढलंस, चित्रात काय तर नुसता उंचवटे आलेला एक रुमाल. मला म्हणालास, शिकव. मी शिकवलं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. शेवटी मनगट दाबलं की झालं. मनगट दाबल्यावर आभाळ कोसळलं तरी दलाल मागे फिरत नाही. माझ्याकडे शेत नाही, घराणं नाही, जे काही आहे ते त्या एका दाबण्यात आहे.

तू विचारलंस, "पन एक म्हंजे एक, का दहा, का शंभर? हाई कसं समजस?"

"समोर जनावर उभं शे ना. त्यानाकडे देखं का समजस. बोलानं काम नही."

"आनि समोर जनावरच नही ऱ्हायनं त?"

"मंग सौदा कसाना?" मी म्हणालो, आणि मला वाटलं मी तुला गप्प केलं.

यंदाच्या हिवाळ्याआधी लागलेला तुझा खोकला तीन महिने हटला नाही. डॉक्टरने डोंगर बंद म्हणून सांगितलं. वहिनींनी तुझ्याकडून कुलदैवताची शपथ घेतली. आपल्या नकाशाचे कागद तू माझ्याकडे ठेवायला दिलेस. मला वाटलं, संपलं. पण तू पायथ्याच्या वाटेविषयी विचारणं सोडलं नाहीस. मी म्हणायचो, आधी बरा हो, होळी होऊन जाऊ दे, ऊन पडू दे, मग बघू. तू ओठ मिटायचास.

मग मार्गशीर्षात धानोऱ्याला तुझ्या पुतण्याचं लग्न निघालं.

सारंगखेड्याची जत्रा भरलेली. घोड्यांचे, बैलांचे सौदे म्हणजे माझं वर्षभराचं पीक. मी एका दुपारपुरता तिथून निघून लग्नाला आलो होतो, गुडघ्यापर्यंत धूळ. मांडवात तुझ्या शेजारी बसलो. वहिनी दोन हातांवर बायकांत बसल्या होत्या, आणि त्यांचं लक्ष अंतरपाटापेक्षा आपल्याकडे जास्त होतं. तू समोर बघत होतास. नवरा-नवरी उभी, भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, सगळे अक्षता हातात धरून बसलेले. आणि तुझा हात माझ्या खांद्यावरून ओघळलेल्या रुमालाखाली शिरला. गार हात. खडू धरून धरून बोटांची टोकं कोरडी झालेली. तू माझी चार बोटं धरलीस.

मला हसू आवरेना. दलालाशी दलालाची भाषा! वहिनींच्या डोळ्यांदेखत!

चार. मी मनात मोजलं. मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. होळी उरकलेली, थंडी ओसरलेली, जत्रा संपलेली, खेमा मोकळा. मी तेच तर तुला सांगत आलो होतो. शेवटी माझं ऐकलंस म्हणून मला इतका आनंद झाला की मी तुझं मनगट दाबलं. जोरात दाबलं. तू अक्षता टाकल्यास.

तुझ्या समोर दुसरंच जनावर उभं होतं, आत्माराम. शाळेला नाताळची सुट्टी चार दिवसांनी लागत होती. मी जत्रेतला माणूस, मला शाळेच्या सुट्ट्या कुठून ठाऊक? तू शाळेतला माणूस, दलाल जत्रा अर्धी टाकून डोंगरात जात नसतो हे तुझ्या डोक्यात कुठून येणार? दोघांनी एकाच चारवर हात दिला.

दहा दिवसांनी मी जत्रेवरून परत आलो. तुझ्या शाळेचा शिपाई चावडीपाशी भेटला.

"मास्तर तोरणमाळले गयात," तो म्हणाला. "तुमले माहीत नही?"

तीन वर्षं. माझे खोडलेले जिन्नस, माझी नाकारलेली तट्टू. मनगट दाबून हात दिला आणि पाठ फिरल्यावर एकटाच निघून गेला! घाई झाली होती तर तसं सांगायचं. मी नको होतो तर तसं सांगायचं. त्या दिवशी मी बाजारात दोघांशी भांडलो आणि एक सौदा मोडला. तू बैलगाडीत आडवा होऊन परत आलास, अंगात ताप, हे मला कळलं. मी आलो नाही. तुझ्या घरापासून माझं घर चाळीस पावलं.

एक गोष्ट सांगतो. ती तू ऐकलीसच, पण मला ती माझ्या तोंडाने सांगायची आहे. एका सकाळी मी तुझ्या खिडकीखालून जात होतो. खिडकी उघडी होती. माझ्याबरोबर कुणी नव्हतं. तरी मी बाजारातल्या आवाजात बोललो, "काही लोके हात देतस, नि पाठ फिरताच निंघी जातस!" आणि थांबलो. तू आतून खोकलास. बराच वेळ खोकलास. मी ते तुझं उत्तर धरलं, आणि पुढे गेलो.

तू आतमध्ये काय ऐकलंस ते मला आता कळतं. तुझ्या हिशेबाने हात देऊन न येणारा मीच होतो. तोच वर तुझ्या खिडकीखाली उभा राहून तुला हात देणाऱ्या लोकांविषयी सुनावत होता. तू काय समजलास, मास्तर? मी माझीच लाज तुझ्या अंगावर टाकतो आहे असं? की मला वेड लागलं असं? उठून खिडकीशी का आला नाहीस? एक शिवी हासडायचीस. शिवी दिली असतीस तर मी आत आलो असतो, आपण भांडलो असतो, आणि चार कशाचे ते पाच मिनिटांत बाहेर पडलं असतं.

माघात तू गेलास. मी स्मशानात आलो, मागे उभा राहिलो. खांदा दिला नाही. लोकांना वाटलं मला सोसवलं नसेल. नाही, मी रागानेच दिला नाही.

आता खेमाचं.

तो बाजारात आला तेव्हा त्याच्याजवळ चारोळी नव्हती, डिंक नव्हता. खांद्यावर एक घडी घातलेली घोंगडी होती.

"शेठ, हाई तुमनी घोंगडी."

"मन्ही? मी तुले कव्हय दिन्ही?"

"मास्तरनी दिन्ही. बोलनात, हिरामणले पोचती कर. माले येवाले उशीर व्हई गया." मास्तर गेल्याचं त्याला शहाद्यात कळलं होतं. तो खाली बसला. मी उभाच होतो.

"तुमना मास्तर माले न सांगता गया," मी म्हणालो.

खेमाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी एखाद्या जनावराचे दात न बघता भाव सांगणाऱ्याकडे बघतो. "तो त तुमनीच वाट देखी ऱ्हायंता, शेठ."

मग त्याने सांगितलं. तू लग्नानंतर चौथ्या दिवशी पायथ्याशी पोचलास. खेमाला म्हणालास, शेठने चौथा दिवस सांगितला आहे, तो जत्रेवरून परस्पर येईल. वाटेवर लांब धुळीचा लोट दिसला की तू उठून उभा राहायचास. गाडी जवळ यायची, दुसऱ्याच कुणाची असायची, तू पुन्हा बसायचास. खेमा म्हणाला, चला वर, ऊन आहे तोवर घाट चढू. तू म्हणालास, "हिऱ्यानी हात देयेल शे. तो ईच." ती रात्र तू उघड्यावर काढलीस. दुसरा दिवस आणि दुसरी रात्रही. अशी थंडी होती की खेमाची शेळी मेली.

"दोन घोंगड्या व्हत्यात ना?" मी विचारलं.

"व्हत्यात."

"मंग दुसरी का नही पांघरी त्यानी?"

खेमाला माझा प्रश्नच कळेना. "ती तुमनी व्हती ना," तो म्हणाला. "मास्तरनी तिले हातबी नही लावा."

चौथा दिवस. मी बाजारात उभा होतो, भोवती बैल, माणसं, आरडाओरडा. मी खेमाच्या शेजारी जमिनीवर बसलो. लोक बघत होते. हिरामण दलाल बाजारात जमिनीवर बसलेला कुणी बघितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तुम्ही वर गेलात. तुझं अंग तेव्हाच तापलेलं होतं. कड्यावर वारा. पहिली सकाळ कोरडी गेली. दुसऱ्या सकाळी ऊन कड्याच्या निम्म्यापर्यंत आलं, खालच्या दरीतून राघूंचा थवा ओरडत निघाला आणि एकदम गप्प झाला. "वरतून उनी," खेमा म्हणाला, आणि त्याने एक हात उंचावून दुसऱ्या तळहातावर आपटला. टप्प. मग तो बोट हवेत हळूहळू खाली आणत राहिला, कितीतरी वेळ. "हिरवा पिस. इतला हळू खाले जाई ऱ्हायंता." दुसरी बहिरी कड्यावर बसली होती, ती ओरडली.

तू चित्र काढलं नाहीस. कागद मांडीवर तसाच होता. तू उजवीकडे मान वळवलीस आणि म्हणालास, "देखं का रे, हिऱ्या?"

खेमाने हे सांगताना आवाज खाली आणला. "त्या आंगले कोनी नव्हतं, शेठ. नुसती घोंगडी ठेयेल व्हती. मी देखं, नीट देखं. मास्तर तिकडेच देखी ऱ्हायंता. जसा काय कोनी बोली, म्हनीसन थांबेल शे." तो घाबरून जरा बाजूला सरकला. मग तू हसलास आणि म्हणालास, चल, उतरू.

त्या दिवसापासून मला बाजार जमत नाही, आत्माराम. रुमालाखाली कुणाचा हात आला की मी दचकतो. परवा एका गिऱ्हाइकाने माझी बोटं धरली आणि मी त्याला विचारलं, "कसाना? दिनना का महिनाना?" तो हसायला लागला. भोवतालचे सगळे हसले. हिरामणचं डोकं फिरलं म्हणाले. बाजारतळावरच्या निंबावर राघू असतात, दिवसभर त्यांचा कलकलाट. त्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. आता तो मधेच थांबला की माझं बोलणं तुटतं आणि मी वर बघतो. वर काही नसतं. माझ्या डाव्या बाजूला मात्र थोडी जागा मोकळी राहते. माणसं दाटीवाटीने उभी असली तरी राहते. माझा भास असेल.

आणि तरी राग गेलेला नाही. दोन शब्द होते, मास्तर. 'चार दिवस'. मांडवातून बाहेर पडताना, चपला घालताना, पाणी पिताना, कधीही म्हणता आले असते. मला अक्षर अक्षर शिकवणारा तू, 'शे' लिहिलं तर पाटी पुसायला लावणारा. तूच ते बोलला नाहीस. मी तुला सांगितलं होतं की बोलायचं काम नसतं, ते तेवढं मात्र नेमकं ऐकलंस! माझं बाकीचं काय ऐकलं होतंस कधी? आणि मी मनगट दाबण्याआधी एकदा तुझ्याकडे मान वळवून बघितलं असतं, तर तुझ्या डोळ्यांत मला तुझी घाई दिसली असती. तट्टूच्या मालकाच्या डोळ्यांतली खोट मला दिसते. मी बघितलं नाही. मी खूश होतो.

काल दुपारी ती घोंगडी घेऊन मी तुझ्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर सुपात मूग निवडत होत्या. तेरा दिवसांत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"माले वाटनं, तुम्हीच त्यासले धाडं," त्या म्हणाल्या. "मन्ही शपथ मोडाले लावी, नि सोता जत्रामा बसनात."

मी सांगितलं. सगळं सांगितलं. रुमाल, चार बोटं, मनगट, माझे महिने आणि तुझे दिवस. मंगलाष्टकं चालू होती आणि त्या दोन हातांवर बसल्या होत्या, हेही. खिडकीखाली काय बोललो ते सांगितलं. ते त्यांनी आतून ऐकलंच होतं. मध्ये मी थांबलो, मला वाटलं त्या उठून जातील. त्या मूग निवडत राहिल्या. खडे एका बाजूला, मूग एका बाजूला.

मग म्हणाल्या, "मी त्यासले तीनदा इचारं, काय देखं तठे? सांगंच नही. नुसता हसेत. भाऊ, त्यासनी ते पाखरू देखं का?"

"देखं," मी म्हणालो. "जोडी देखी. राघूले उडता उडता धरं."

"खरं?"

"खेमा सोता सांगी गया."

त्यांनी डोळे पुसले नाहीत. सुपातला एक खडा बाजूला टाकून विचारलं, "मंग काय बोलनात ते?"

हे मला सांगायचं नव्हतं. पण विचारल्यावर न सांगणं आता मला जमत नाही. मी म्हणालो, "उजव्या आंगले वळनात, नि बोलनात, देखं का रे, हिऱ्या?"

वहिनींचा हात सुपात थांबला. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"मंग तुम्ही काय सांगं?"

मी तिथे नव्हतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. त्यांना ते माहीत होतं. आत्ताच तर मी सगळं सांगितलं होतं. तरी त्या विचारत होत्या, आणि उत्तर मिळाल्याशिवाय मूग पुढे निवडणार नव्हत्या. घोंगडी माझ्या मांडीवर होती, तिची घडी कुणी मोडलेली नव्हती.

मी डावीकडे मान वळवली.

"नही रे, आत्म्या," मी म्हणालो. "माले नही दिसनी. कोठून उनी ती?"